जुना पत्ता

त्या शनिवारी दुपारी मी सर्व्हरमध्ये शिरले ती एका किरकोळ कामासाठी. वर खिंडीतल्या यंत्राची बॅटरी किती उरली आहे, एवढंच पाहायचं होतं. मातुकू नदीच्या मुखाशी लख्ख ऊन पडलं होतं. ऑक्टोबर, म्हणजे आमच्याकडे व्हाइटबेटचा मोसम. काडीएवढे पारदर्शक मासे समुद्रातून नदीत चढतात आणि अर्धं गाव जाळी घेऊन काठावरच्या झोपड्यांत मुक्काम ठोकतं. माझी सासू नोला त्यांच्यात सगळ्यांत पुढे.

निघताना दारात गमबूट चढवत ती म्हणाली, "बस तू त्या डबड्यासमोर. नदी बघायची तर नदीवर जावं लागतं, पोरी."

"जा तू. पण भोंगा वाजला की जाळं टाकून पळायचं."

"जाळं टाकून? डोकं फिरलंय का तुझं? जाळं घेऊन पळेन."

हे आमचं रोजचंच. नवरा ऑस्ट्रेलियात खाणीवर, घरात आम्ही दोघीच. ती गेली आणि घर शांत झालं.

माझं काम काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नदीचं पाणी मोजणारी यंत्रं आणि मुखाशी असलेला धोक्याचा भोंगा, हे सगळं खिंडीतल्या एका पत्र्याच्या खोलीतल्या सर्व्हरला जोडलेलं होतं. त्याची देखभाल मी घरून करायची. कुणीही उठून भोंगा वाजवू नये म्हणून त्या सर्व्हरला दार होतं, आणि ते दोन गोष्टी पाहून उघडायचं. एक किल्ली, म्हणजे संगणकात जपून ठेवलेली लांबलचक गुप्त खूण. दुसरा पत्ता, म्हणजे इंटरनेटवर हाक कुठल्या घरातून आली ते. अडचण एवढीच, की साध्या घराला कंपनी कायमचा पत्ता देत नाही. वीज जाऊन आली, मॉडेम बंद पडून सुरू झाला, की नवा पत्ता. यावर माझ्यासोबत काम करणाऱ्या ॲलेक रँकिननं तोड काढली होती. आमच्या घराला त्यानं एक नाव दिलं. पत्ता बदलला की माझा संगणक त्या नावापुढे नवा पत्ता नोंदवायचा, आणि सर्व्हर अर्ध्या-अर्ध्या तासानं त्या नावाला विचारायचा, सध्या मुक्काम कुठे? जो पत्ता कळेल, त्याच्यासाठी दार. बाकी जगाला बंद.

ॲलेकनंच हे सगळं उभं केलेलं. त्याच्या स्वतःच्या घरात इंटरनेट नव्हतं; 'घरी गेल्यावर माणसानं घरी असावं' म्हणायचा. म्हणून आमच्या मागच्या खोलीत टेबल टाकून बसायचा. नोला त्याला अंड्यात तळलेले व्हाइटबेट पावात घालून द्यायची आणि भाडं मागायची. तो हसायचा, द्यायचा मात्र काही नाही.

आदल्या हिवाळ्यात तो खिंडीतला अँटेना दुरुस्त करायला गेला. गाडी सापडली. इंजिन चालू होतं, वायपर कोरड्या काचेवर फिरत होते. तो सापडला नाही. नदी माणूस नेते तेव्हा बहुतेकदा समुद्रात नेऊन टाकते; ॲलेक काही पहिला नव्हता. त्याचा संगणक त्याची बहीण डनेडिनला घेऊन गेली. त्याची किल्ली सर्व्हरवरून मी स्वतः काढून टाकली. मागची खोली बंद केली, कारण तिथे ओल धरायला लागली होती.

तर तो शनिवार. बॅटरी ठीक होती. सहज पाण्याचा आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. वर डोंगरात ढगफुटी झाली असावी. पाणी भिंतीसारखं चढत होतं. खाली मुखाशी निळं आकाश, वर हे. भोंगा आपोआप वाजायला हवा होता, पण तो पुलाखालच्या मापकाच्या भरवशावर होता, आणि तो मापक ओंडका अडकल्यासारखा एका जागी थिजला होता. हातानं वाजवायचा तर आज्ञा लिहायला एक ओळ पुरे.

मी ती अर्धी लिहिली आणि दिवे लुकलुकले. क्षणभरच. मॉडेम बंद पडला, पुन्हा सुरू झाला. नवा पत्ता मिळाला.

दार बंद. सर्व्हर अजून मला जुन्याच पत्त्यावर शोधत होता. आता अर्ध्या तासानं तो नावाला विचारेल आणि मग मला आत घेईल. तोपर्यंत माझी किल्ली काही कामाची नव्हती. मी हाका मारत राहिले. दर वेळी तेच: पलीकडे नुसती शांतता. नकारसुद्धा नाही.

मुखाशी मोबाइल लागत नाही. अग्निशमन दलाला फोन केला. तिथला बिल कूपलँड म्हणाला, "निघालोच मॉयरा, पण घाटाला वळसा घालून यायचंय. भोंगा का वाजवत नाहीस?"

"दार उघडत नाहीये."

"कसलं दार?"

मी फोन ठेवला. गाडी नोला घेऊन गेली होती. पायी निघाले असते, तर पाणी माझ्याआधी पोचलं असतं. हे सगळं मला अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि हात मात्र त्याच त्या ओळी लिहीत होते. खिडकीतून दूरवर काठावरच्या झोपड्यांची पत्र्याची छपरं उन्हात चकाकत होती.

आणि भोंगा वाजला.

खालून, मुखाकडून, लांब, चढत जाणारा. मी स्क्रीनकडे पाहिलं. दार बंदच होतं. मी काहीच केलं नव्हतं.

भोंगा वाजतच राहिला. घरात चिखलाचा वास यायला लागला. पूर ओसरल्यावर येतो तसा, गार आणि जुना. बऱ्याच वेळानं सर्व्हरनं नावाला विचारलं असावं, कारण दार उघडलं आणि मी आत गेले. आत आधीच कुणीतरी होतं. नाव ॲलेकचं. आलेला पत्ता माझा, मघाशी सुटलेला जुना. वापरलेली किल्ली मी काढून टाकलेली.

आत असलेल्या दुसऱ्या माणसाला दोन शब्द लिहून पाठवायची सोय असते. आम्ही ती चहाला बोलवायला वापरायचो.

मी लिहिलं, "कोण आहे?"

मग एकेक अक्षर उमटू लागलं. बोटं गारठलेली असावीत तसं.

"सगळे वर आले...?"

"येताहेत. तू कोण?"

"नोला...?"

मी खिडकीतून मुखाकडे पाहिलं. मग लिहिलं, "माहीत नाही. ॲलेक, तू आहेस?"

"इथे काही दिसत नाही... पाणी आहे फक्त... हा पत्ता तेवढा दिसतो."

नियम सरळ आहे. अनोळखी माणूस आत दिसला की आधी त्याला बाहेर काढायचं, प्रश्न नंतर. त्यासाठीची ओळ मी लिहिली. शेवटची कळ दाबायची राहिली होती. तेवढ्यात खाली उमटलं,

"बंद करू नकोस, मॉयरा... फार शोधून सापडला."

अंगणात गाडीचा हॉर्न वाजला. मी दाराकडे पळाले. नोला कमरेपर्यंत भिजलेली, एक बूट गेलेला, जाळं मात्र खांद्यावर.

"झोपड्या गेल्या," ती म्हणाली. "माणसं सगळी आली. भोंग्याची पहिली हाक ऐकली आणि निघालो. जरा उशीर झाला असता तर..." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरं झालं, तू त्या डबड्यासमोर बसली होतीस."

मी तिला मिठी मारली. तिला ते आवडत नाही, तरी ती उभी राहिली. परत येऊन पाहिलं तेव्हा आत मी एकटीच होते. ती अर्धवट ओळ मी पुसून टाकली.

सोमवारी इंटरनेट कंपनीला फोन केला. शनिवारी माझा जुना पत्ता कुणाला दिला होता, एवढंच विचारायचं होतं. दुसऱ्याचं नाव कंपनी सांगणार नाही, हेही माहीत होतं. फोनवरच्या बाईनं नोंदी पाहिल्या.

"तो कुणालाच दिलेला नाही. तो सुटलाच नाही तुमच्या घरातून. तुमच्याकडे आत्ता दोन पत्ते आहेत."

"माझ्याकडे एकच संगणक आहे."

"दुसरं काहीतरी जोडलेलं आहे बघा. मागच्या एखाद्या खोलीत वगैरे राहून गेलं असेल. लोक विसरतात. मी इथून बंद करू का?"

मी मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. "नको," म्हणाले.

नोलाला मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "भाडं कधीच दिलं नव्हतं त्यानं. राहू दे." त्या खोलीत आम्ही जात नाही. भीती म्हणून नव्हे, गरज पडत नाही. दाराखालून कधीकधी गार हवा येते, तिथे आम्ही जुनी चादर गुंडाळून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात इंटरनेटच्या बिलाचं काही विचारायला कंपनीला पुन्हा फोन केला. बाई दुसरी होती. बोलता बोलता सहज म्हणाली, "तुमच्याकडे बरीच माणसं राहतात वाटतं?"

"दोघीच. का?"

"काही नाही... पत्ते सात दिसताहेत. नाही, थांबा हं..." तिनं पुन्हा मोजलं. "आठ."