बागेत मदतीला

"त्या कोण हो?" पाहुणीने विचारलं, आणि झारी घेऊन ओणवी झालेल्या ताईकडे ओझरतं पाहत धाकटा हसून म्हणाला, "त्या होय? बागेत मदतीला असतात."

मदतीला!... ताईच्या झारीतलं पाणी वाफ्याबाहेर सांडत राहिलं. आई गेल्यावर ज्याला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं, ज्याच्या शिक्षणापायी आलेली स्थळं हसतमुखाने परतवली, त्याने आज चार प्रतिष्ठितांपुढे सख्ख्या बहिणीला परकं केलं! का, तर तिचे हात चिखलाने माखले होते.

आईने रानातून आणलेलं, पिसांसारख्या पांढऱ्या तुऱ्यांचं ते झाड मोठ्या झाडांच्या सावलीत गड्ड्यांतून दरवर्षी नव्याने उगवे. घरात त्याला पिसारा म्हणत. त्याचाच फुललेला वाफा पाहायला मंडळी आली होती. डोळे लपवत ताई त्या वाफ्यामागे गेली आणि उकरलेल्या मातीवर हात फिरवू लागली. मागची सगळी रोपं नाहीशी झाली होती!

"ती मरतुकडी सकाळीच उपटली मी," मंडळी गेल्यावर धाकटा म्हणाला. "विरळ तुरे, माना टाकलेल्या. लोकांपुढे शोभा नको."

"मरतुकडी?" ताई त्याच्याकडे वळली. "अरे, भरगच्च फुलून मिरवतात ते नर! बी धरतात त्या माद्या, म्हणून वाकतात त्या... माझ्या मांडीवर बसून त्यांचंच बी झाडायचास ना रे? मग मलाही टाक उपटून, म्हणजे वाफा कसा छान दिसेल!"

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो नव्या कपड्यांनिशी कचऱ्याच्या खड्ड्यात उतरला आणि दोन्ही हातांनी पाला उपसू लागला. त्या रोपांचे लाकडासारखे टणक गड्डे छातीशी धरून वर आला, तेव्हा त्याचे डोळे वाहत होते.

"ताई, मी तुझा अपराधी आहे गं!... जगतील का ही?"

"जगतील. पण हलवलेलं सोसत नाही त्यांना. फुलायला वर्षं जातील."

एवढ्यात विसरलेली छत्री न्यायला पाहुणी परत आली आणि त्याचा अवतार पाहून दारातच थबकली. धाकट्याने चिखलाच्या हातानेच ताईचा हात धरला.

"ही माझी थोरली बहीण. बाग हिची आहे. मदतीला मी असतो."

ताईला हुंदका आवरेना... पण त्याचा मघाचा 'मदतीला' हा शब्द आत रुतला होता, तो काही एवढ्याने निघणार नव्हता. तिने हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि झारी त्याच्यापुढे ठेवली.

"पाणी घाल," ती म्हणाली. "आणि उद्याही घाल."