डोंगरावरची शिरगणती

२००९च्या फेब्रुवारीत आमच्या टॉवरचं काम बाविसाव्या मजल्यावर थांबलं आणि मला नोटीस मिळाली. मी त्या साइटवर सेफ्टी ऑफिसर होतो. फायर ड्रिल झालं की चारशे माणसं मैदानात उभी करायची, आधी डोकी मोजायची, मग नावं पुकारायची, आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय कुणाला हलू द्यायचं नाही, हे माझं काम. नऊ वर्षांत माझा आकडा चुकला नव्हता.

शारजात अल नहदा भागात आमच्या बिल्डिंगमध्ये मंदीच्या त्या हिवाळ्यात माणसं न सांगता निघून जात होती. पार्किंगमधल्या गाड्यांवर धूळ साचत होती. लिफ्टमध्ये कुणाबद्दल कुणी विचारत नसे.

"जायच्या आधी डोंगर तरी बघ," शेजारचा ॲम्ब्रोज म्हणाला. तो मूळ वसईचा, एका हॉटेलच्या किचनमध्ये होता. बायको कॅथरीन जानेवारीतच गावी परतली होती, त्यामुळे सुट्टीचा दिवस त्याला खायला उठायचा. "नऊ वर्षं राहिलास आणि नुसती वाळू बघितलीस."

६ मार्चच्या शुक्रवारी त्याच्या फोर-व्हीलरमधून आम्ही निघालो. मी, माझी बायको शुभ्रा, आठ वर्षांची सृष्टी आणि ॲम्ब्रोज. रास अल खैमा मागे पडलं आणि राखाडी, नागडे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले. वर जाणारा नवा रस्ता अर्धवट कापलेला होता. जिथे काम सुरू होत होतं तिथे फाटक आणि पत्र्याची केबिन. जहूर नावाचा पेशावरकडचा म्हातारा वॉचमन खिडकीशी वाकला, आत नजर फिरवली, रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं.

"कल दोपहर तक उतर आना, साहब. सुबह धुंध होती है."

गाडी शेवटच्या वळणावर लावून आम्ही दीड तास चढलो. माझ्या जीपीएसवर १,३४० मीटर दिसत होते तेव्हा पायवाट एका सपाटीवर निघाली. डोंगरातले लोक पूर्वी हिवाळी पावसावर इथे जव पिकवायचे. दगडी बांध घालून केलेली तांबड्या मातीची शेतं अजून होती. बाजूला चार-पाच घरं, निम्मी जमिनीत गाडलेली, दारं इतकी बुटकी की मोठ्या माणसाने रांगतच आत जावं. एक कोरडा हौद. एक बोराचं झाड. वाऱ्याला कुठल्यातरी वाळक्या पाल्याचा उग्र वास होता.

तंबू उभारले. शुभ्राने स्लीपिंग बॅग उलगडून ठेवल्या. त्या पाच होत्या.

"एक जास्त आणली का?" मी विचारलं.

"मी मोजून भरल्या होत्या," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "असेल बाई. घाईत भरल्या."

सूर्य कड्यामागे गेला तशी थंडी एकदम दगडातून वर आली. ॲम्ब्रोजने लाकडं पेटवून चहा केला आणि पाच कपांत ओतला.

"पाचवा कुणाला?"

त्याने कपांकडे पाहिलं. "हात गेला आपला," म्हणाला. पण तो कप त्याने परत किटलीत ओतला नाही. शेकोटीपासून जरा दूर, बांधावर नेऊन ठेवला, आणि असं का केलं हे मी विचारलं नाही.

सवयीने मी डोकी मोजली. पाच. मनात नावं घेतली. चार. पुन्हा मोजली, पुन्हा पाच. स्वतःला दोनदा मोजत असणार, असं ठरवून मी आत जाऊन झोपलो. मला झोप चांगली लागली. इतकी निर्धास्त झोप मला नोटीस मिळाल्यापासून लागली नव्हती. सगळी आपली माणसं एका छपराखाली असली की लागते तशी.

सकाळी तंबूबाहेर काहीच नव्हतं. पांढरं, ओलं धुकं. शुभ्राने पावाला लोणी लावून प्रत्येकाच्या हातात दिलं. तिने बरोबर पाच पाव काढले होते. एकही उरला नाही.

आठला आम्ही उतरायला लागलो. पुढे ॲम्ब्रोज, मग शुभ्रा, शेवटी सृष्टीचा हात धरून मी. दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. दहा मिनिटं उतरलो असू.

"बाबा, थांबा ना."

आवाज मागून, वरून आला. लहान मुलाचा, दमलेला.

मी थांबलो. सृष्टीचा हात माझ्या हातात होता. ती मला डॅड म्हणते, आणि मराठी तिला कळतं, पण ती बोलत नाही.

पुढे शुभ्राही वळून उभी राहिली होती. "कोण राहिलंय मागे?" तिने विचारलं.

मी मोठ्याने मोजलं. चार. नावं घेतली. चार. आदल्या संध्याकाळपासून दोन्ही आकडे पहिल्यांदाच जुळले होते, आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला अजून वाटते.

"सगळे आहोत," मी म्हणालो. "चला."

"डॅड, वी शुड वेट," सृष्टी म्हणाली.

"कुणासाठी?"

"आय डोन्ट नो."

आवाज पुन्हा आला. या वेळी शब्द कळले नाहीत. वरून एक बारीक दगड घरंगळत आला आणि माझ्या बुटापाशी थांबला. ॲम्ब्रोजने छातीवर क्रूस काढला. "एको असतो डोंगरात," तो म्हणाला, आणि आम्ही उतरलो.

फाटकावर जहूर खिडकीशी वाकला. एकेक चेहरा पाहिला. मागची सीट पाहिली.

"एक कहाँ है?"

"चारच होतो आम्ही," मी म्हणालो.

तो केबिनमध्ये गेला आणि रजिस्टर उघडून घेऊन आला. आमच्या गाडीचा नंबर, वेळ, आणि पुढे उर्दू आकड्यात काहीतरी. मला तो आकडा वाचता येत नव्हता. त्याने हाताची पाचही बोटं उघडून दाखवली.

शुभ्रा आणि सृष्टीला केबिनमध्ये बसवून मी आणि ॲम्ब्रोज परत वर गेलो. धुकं विरलं होतं. ऊन लख्ख होतं. आम्ही एकेका बुटक्या दारातून रांगत आत गेलो, हौदात उतरलो, बांधांच्या मागे पाहिलं. बांधावर कप तसाच होता. रिकामा.

"हाक मार," ॲम्ब्रोज म्हणाला.

मी तोंडाशी हात नेले. छाती भरून श्वास घेतला.

काय हाक मारायची ते मला कळेना.

ॲम्ब्रोज माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्यानेही तोंड उघडलं, आणि मिटलं. आम्ही दोघं खाली आलो. पोलिसांत सांगायला आमच्याकडे काही नव्हतं. तीन पासपोर्ट आणि ॲम्ब्रोजचा चौथा. घरी अल्बम काढून पाहिले. प्रत्येक फोटोत आम्ही तिघंच होतो.

मार्चच्या अखेरीस पुण्याची तिकिटं होती. फ्लॅट मालकाला रंगवून परत द्यायचा होता. हनीफ पेंटर सकाळपासून लागला होता. बेडरूमच्या दाराआडच्या भिंतीपाशी आल्यावर त्याने मला बोलावलं.

"साहब, इस पर भी मार दूँ?"

भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. सृष्टीची उंची आम्ही तिथे मांडायचो, हे मला आठवत होतं. प्रत्येक रेघेपुढे माझ्या अक्षरात तारीख. तिच्या रेघांच्या डावीकडे, वीतभर अंतरावर, आणखी एक ओळ होती. या रेघा सगळ्या बुटक्या. माझ्या गुडघ्याच्या जरा वरून सुरू होऊन कमरेपर्यंत आलेल्या. नाव कुठेच नव्हतं. सर्वांत वरच्या रेघेपुढे, माझ्याच अक्षरात, ५ मार्च २००९.

शुभ्रा येऊन शेजारी उभी राहिली. तिने त्या वरच्या रेघेच्या उंचीवर हात धरला, भिंतीला न लावता, आणि बोटं हळूहळू हलवत राहिली, केसांतून फिरवावीत तशी.