खारूताईची दाढ

त्या शनिवारी ती गाल सुजवून वर्गावर आली, आणि मुलांच्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नाही.

निसर्ग संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत, ती दर शनिवारी दुपारी मुलांसाठी प्राण्यांचा वर्ग घ्यायची. कधी ओल्या मातीत पंजांचे ठसे उमटवायचे, कधी डोळे बांधून पिसं नि खवले चाचपून ओळखायचे. मुलं तिला खारूताई म्हणायची, कारण ती एका जागी म्हणून ठरायची नाही. बोलता बोलता या टेबलावरून त्या कपाटाकडे, तिथून खिडकीत. त्या दिवशी टेबलावर तीन कवट्या होत्या, गायीची, मांजराची आणि सशाची, शेजारी मगरीचा लांबलचक जबडा. दात बघायचे आणि हा प्राणी काय खात असेल ते सांगायचं, असा खेळ होता.

पुढच्याच रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिला मगरीशी काही देणंघेणं नव्हतं. ताईंचा गाल असा का झालाय, एवढंच तिला हवं होतं.

ती क्षणभर अडखळली. "काही खारी असतात ना... त्या गालाच्या पिशवीत दाणे भरून नेतात. बिळात साठवायला."

"मग तुमच्या गालात काय आहे?"

"शेंगदाणे," ती म्हणाली.

मुलं खिदळली. आणि मागे पालकांच्या बाकावर कोणाला तरी हसू दाबताना ठसका लागला. तिने मान वर करून पाहिलं. एक उंच, किडकिडीत माणूस त्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकतील असा बसला होता. प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा मामा.

वर्ग सुटल्यावर भाची सशाच्या कवटीपाशी रेंगाळली, म्हणून तोही थांबला. मग टेबलाजवळ येऊन, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "शेंगदाणे डावीकडच्या खालच्या दाढेत आहेत. बरेच दिवस झालेले दिसतात."

तो लहान मुलांचे दात बघायचा. दवाखाना तिथून दोन गल्ल्या पलीकडे होता.

ती नकळत एक पाऊल मागे सरली. गळ्यात अजगर घातला तरी हिची पापणी हलायची नाही. पण दंतवैद्य हा शब्द ऐकला की ती विषय बदलायची. घरी आईने लवंगांची बरणी रिकामी करत आणली होती, समजावून समजावून ती थकली होती, पण लेक त्या खुर्चीचं नाव काढू द्यायची नाही. दाढ आपली आपण बरी होईल, हेच तिने त्यालाही सांगितलं.

त्याने आग्रह केला नाही. मगरीच्या जबड्यावरून हलकेच बोट फिरवत त्याने भलतंच विचारलं. "हत्तीला दाढा किती असतात? माणसांच्या रोज मोजतो... हत्तीचं कधी डोक्यातच आलं नाही."

झालं, ती दुखणं विसरली. हत्तीची दाढ विटेएवढी असते, ती म्हणाली, आणि एक झिजली की तिला पुढे ढकलत मागून दुसरी येते. असे सहा संच. सहावा झिजला की संपलं, त्याला चावता येत नाही.

"आणि मग?"

"मग मऊ गवत शोधत पाण्याकाठी फिरतो. जमेल तितके दिवस."

न पाहिलेल्या हत्तीसाठी एखाद्याचा चेहरा इतका उतरलेला तिने आजवर बघितला नव्हता. "कवळी करून द्यायला हवी कोणीतरी त्याला," तो म्हणाला, तेही अगदी मनापासून. ती फस्सकन हसली, आणि ते हसू थेट दाढेत गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पाहिलं, पण दाढेचा विषय पुन्हा काढला नाही. त्याचं ते न बोलणं तिच्या मनात घरी जाईपर्यंत राहिलं.

पुढच्या शनिवारी तो आला तो प्रश्न घेऊनच. गोगलगायीला दात असतात का? असतात, हजारो, आणि तेही जिभेवर. त्याच्या पुढच्या शनिवारी मुंगीखाऊचं निघालं. त्याला एकही दात नाही. मग समुद्रातल्या नारव्हाल नावाच्या देवमाशाचं शिंग. ते शिंग नव्हेच, ओठ फोडून बाहेर आलेला दात. तो ऐकताना मान थोडी कलती करायचा, आणि आपलं बोलणं त्या कलत्या मानेच्या दिशेने वाहत जातं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. एकदा तिने त्याला बजावलं, की मगरीचे दात पडले तरी जन्मभर नवे येत राहतात, तेव्हा मगरींच्या जिवावर दवाखाना चालायचा नाही. मगर दारात आलीच तर फी मागायला थांबतोय कोण, तो म्हणाला.

सूज तेवढ्यापुरती उतरली होती. शनिवारी आरशासमोर इतका वेळ का लागतो, असं आईने विचारलं. वर्गाची तयारी, ती म्हणाली. आईने डाळ निवडता निवडता एवढंच ऐकवलं, की हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आपल्याला कोणत्याही संग्रहालयात न जाता ठाऊक आहे.

आणि अशात एका शनिवारी बिनसलं.

त्याने मोबाइलवर दवाखान्याच्या भिंतीचा फोटो दाखवला. भिंतभर हिरवीगार मगर, जबडा उघडा, आणि आत तिचे दात टोकरणारा एक इवलासा पक्षी. चित्र त्याने स्वतः काढलं होतं. तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, कौतुकाच्या आशेने.

तिचा चेहरा मात्र बदलला. ही ऐकीव गोष्ट आहे, ती म्हणाली. पिढ्यान्‌पिढ्या सगळे सांगत आलेत, पण ठाम पुरावा कोणाकडे नाही. मुलांना असलं का दाखवायचं? त्याने समजावून पाहिलं. खुर्चीत बसलेलं घाबरलेलं मूल त्या पक्ष्याकडे बघतं, मगरीसारखा आ करतं, आणि त्याचं काम होऊन जातं. यात कोणाचं काय जातं?

"माझं जातं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून चढला होता. दाराशी उभ्या असलेल्या दोन आया वळून बघू लागल्या. "मुलांशी खोटं बोलून त्यांचं तोंड उघडायचं... हे मला पटत नाही."

त्याने मोबाइल खिशात ठेवला. मग हळूच म्हणाला, "आणि शेंगदाणे?"

आपलं चुकत असताना येणारा राग दुप्पट असतो. भिंत तुमची, हवं ते रंगवा, असं म्हणून ती मातीचे गोळे गोळा करायला वळली, आणि तो गेल्याचं कळूनही गोळे गोळा करत राहिली.

पुढच्या शनिवारी भाचीला घेऊन तिची आई आली. मागचा बाक भरलेला असूनही रिकामा वाटत होता. खारूताईने सशाची कवटी मांजराच्या खोक्यात ठेवली आणि मुलांनीच ती चूक काढली. भाऊ कामात आहे, असं भाचीची आई सहज म्हणाली. कसलं काम, हे विचारायला तिची जीभ रेटली नाही.

त्याच आठवड्यात दाढेने उचल खाल्ली. जबडा ठणकू लागला, कानापर्यंत कळा जाऊ लागल्या, आणि लवंगांनी हात टेकले. एका दुपारी ती त्या गल्लीत शिरली. दवाखान्यावरून पुढे गेली, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली, पुन्हा पुढे गेली. तेवढ्यात पावसाची सर आली. हातात छत्री असूनही, आपण आडोशाला म्हणून आत जातोय, असं स्वतःला सांगत तिने दार ढकललं.

आत औषधाच्या वासावर रंगाचा वास चढला होता. स्टुलावर तो उभा होता, बाह्या वर सारलेल्या, कोपराला हिरवा डाग. मगर होती तशीच होती. तिच्या जबड्यात पक्ष्याच्या जागी पांढरा पट्टा होता.

तिला बघून तो स्टुलावरून उतरला नाही. बहुधा उतरायचं सुचलं नाही. "पुस्तकं पाहिली," तो म्हणाला. "दोघा-तिघा जाणकारांना विचारलं. छातीठोकपणे सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून पुसून टाकला पक्षी. पण आता नुसता उघडा जबडा उरलाय... काल एक पोरगा बघून रडला."

ती भिंतीजवळ गेली. ओल्या छत्रीतून फरशीवर पाणी टपकत होतं. "तिची पिल्लं काढा आत," ती म्हणाली. "अंड्यातून निघाली की मगर त्यांना जबड्यात घेऊन पाण्यात सोडते. इतक्या अलगद, की कोणाला ओरखडा नाही. हे लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे."

"त्याच दातांनी?"

"त्याच दातांनी."

त्याच्या हातातला ब्रश बुटावर ठिबकत होता. तो कधी मगरीकडे बघत होता, कधी तिच्याकडे. मग नजर तिच्या गालावर स्थिरावली, आणि तो खाली उतरला. "तुम्ही मगरीसाठी आला नाहीत."

"नाही," ती म्हणाली.

खुर्चीत बसल्यावर तिने ते सांगितलं, जे आईखेरीज कोणाला माहीत नव्हतं. ती लहान असताना एका डॉक्टरने "नुसतं बघतो हं" म्हणत दात उपटला होता. दुखलं ते ती विसरली; ते "नुसतं" मात्र विसरली नाही. त्याने मध्येच धीराचे शब्द घातले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सुई टोचताना दुखेल. मग बधिर होईल. पुढे दाब जाणवेल, पण दुखायला नको. दुखलंच तर हात वर करा, मी थांबेन."

सुई टोचताना दुखलं, त्याने सांगितलं तेवढंच. तिने तीनदा हात वर केला. दोनदा भीतीने, आणि तिसऱ्यांदा तो खरंच थांबतो का ते बघायला. तो तिसऱ्यांदाही थांबला. मास्कच्या वर त्याचे डोळे हसले, म्हणजे त्याला कळलं होतं. तरी तिने हात खाली घेईपर्यंत त्याने हत्यार उचललं नाही.

त्या दिवसाचं काम संपल्यावर नर्सबाई हत्यारं धुवायला आत गेल्या. त्याने हातमोजे काढले, मास्क काढला, आणि स्टूल ओढून जरा लांब बसला.

"हत्तीचा प्रश्न खरा होता," तो म्हणाला. "पुढचे मात्र... आठवडाभर शोधायचो मी. भाचीला शनिवारी स्केटिंगला जायचं असतं. तिला दर वेळी काहीतरी कबूल करून तुमच्या वर्गाला आणतो. मला तुमच्याजवळ बसायचं असतं. शनिवारीच असं नाही."

तिने तोंड उघडलं. निम्मा ओठ जागचा हलेना, आणि बाहेर आलं ते शब्दासारखं नव्हतं.

"आत्ता नको," तो घाईने म्हणाला. "निम्मं तोंड मीच बंद केलंय. असा होकार मला चालायचा नाही, आणि नकार असेल तर तोही नीट ऐकू यावा. दाढेचं राहिलेलं काम माझी एक मैत्रीण करेल, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. म्हणजे तुम्ही नाही म्हणालात... तरी दाढ अडायची नाही."

मग ते दोघं बाहेरच्या खोलीत मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून राहिले. बाहेर सर रेंगाळली होती. तो गुडघ्यांवर हात ठेवून फरशीकडे बघत होता, परीक्षेच्या निकालाला बसलेल्या पोरासारखा. ती मात्र आता निवांत त्याच्याकडे बघत होती, कारण बोलायची सक्तीच नव्हती. याच्या कॉलरची एकच बाजू इस्त्री झालेली का? हा सकाळी उठल्यावर बोलतो की गप्प असतो? चित्र काढताना गुणगुणतो का, आणि काय? इतके दिवस प्रश्न तो विचारत आला होता. आता तिच्याच मनात त्यांची रांग लागली होती, आणि एकाचंही उत्तर तिच्या कोणत्या पुस्तकात मिळणार नव्हतं.

हनुवटीला आधी मुंग्या आल्या. मग ओठाच्या कडेला. तिने बोटाने दाबून पाहिलं, मग हळूच पुटपुटली, "प... फ... ब..."

त्याने दचकून वर पाहिलं.

"पुढच्या शनिवारी भाचीला स्केटिंगला जाऊ द्या," ती म्हणाली. शब्द स्वच्छ उमटले.

त्याचा चेहरा पडला. त्याने मान डोलावली. "बरं. जशी तुमची—"

"तू ये."

तो बघतच राहिला.

"वर्ग सुटायच्या वेळेला ये पण," ती म्हणाली, आणि छत्री उचलून दाराकडे वळली, कारण हसू आता दोन्ही गालांवर आलं होतं. "तू आधीपासून बसलास, की माझं मुलांकडे लक्ष लागत नाही."