टाकीतली सभा

त्या दिवशी सभागृहात नऊ सदस्य होते, अकरा माइक होते (त्यांतले सात चालू) आणि लोकांसाठी मांडलेल्या चाळीस खुर्च्या होत्या. एकोणचाळीस रिकाम्या.

हे मोजणं माझं कामच आहे. मी नगर मंडळाची सहायक लिपिक. सभेची सूचना काढायची, हजेरी घ्यायची, कोण काय बोललं ते इतिवृत्तात उतरवायचं, आणि बाहेरचं कोणी बोलायला उभं राहिलं की स्टॉपवॉच लावायचं. माणशी तीन मिनिटं. ती संपली की घंटा.

"भौतिकशास्त्राची पदवी घेतलीस आणि खुर्च्या मोजतेस," आई म्हणते. मी म्हणते, कोणीतरी मोजायला हव्यातच ना.

चाळिसाव्या खुर्चीवरचा माणूस उठला. निळा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात चौघडी केलेला कागद. विषय होता जुन्या पाण्याच्या टाकीचा. नवी टाकी झाल्यापासून जमिनीखालची ही टाकी दोन वर्षं कोरडी पडली होती. ती राडारोड्यानं बुजवून वर गाड्या उभ्या करायला जागा करावी, असा प्रस्ताव होता. हा माणूस तिची देखभाल करायचा. सगळे त्याला टाकीवाले म्हणत.

त्यानं कागद उघडला, पाहिला, पुन्हा मिटला.

"बुजवू नका... म्हणजे, तिथे जे ऐकू येतं..."

मी घड्याळाकडे पाहत होते. निदान पाहायला हवं होतं. दोन मिनिटं पन्नास सेकंदांत तो जेमतेम दोन वाक्यं बोलला, तीही अर्धी.

"एकदा खाली येऊन ऐकलंत, तर—"

मी घंटा वाजवली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, घंटेचा आवाज कुठवर जातो ते ऐकत असल्यासारखं.

पण अध्यक्षांना काय वाटलं कोण जाणे. पुढच्या सभेआधी दहा मिनिटं टाकीची पाहणी करू आणि मग मत घेऊ, असं त्यांनी सांगितलं. सभा संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला.

"तुमची घंटा फार वक्तशीर आहे, मॅडम."

"नियम आहे. तीन मिनिटं."

"माझं म्हणणं तीन मिनिटं आणि एका शब्दाचं होतं."

"मग तो शब्द आधी घ्यायचा होता."

तो हसला. हसताना त्याची डावी भुवई उजवीपेक्षा जरा जास्त वर जाते, हे मी का टिपलं ते मला अजून सांगता येत नाही.

पायऱ्या धड आहेत का ते बघायला मुख्य लिपिकबाईंनी मलाच पाठवलं. चौतीस पायऱ्या, सगळ्या धड. पुढे टॉर्च घेऊन तो, मागे वही घेऊन मी. खाली पोचलो आणि मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

"हळू," तो कुजबुजला. "इथे जे बोलाल ते परत ऐकावं लागतं."

वर झडपेतून उन्हाचा एकच खांब उतरला होता. बाकीचे खांब दगडी: चारच्या सहा ओळी, चोवीस. ते अंधारात कुठे संपतात ते दिसत नव्हतं. मी एक टाळी वाजवली.

ती संपलीच नाही. आधी समोरून आली, मग डावीकडून, मग वरून, आणि मग ती टाळी राहिलीच नाही; खूप दूर कुठेतरी मोठं दार सावकाश मिटत जावं तसा एक लांब, गोल नाद झाला. वर्गात प्रतिध्वनीची सूत्रं मी पाठ केली होती. त्यांतून हे होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी तीन मापं घेतली. सरासरी बावीस पूर्णांक सहा सेकंद.

"मी दोन वर्षं रोज ऐकतोय," तो म्हणाला, "पण आकडा आज कळला."

"हे बुजलं तर?"

"माझी नोकरी नव्या टाकीवर आहेच. पण सकाळी कुलूप उघडून मी पहिल्यांदा इथे उतरतो... मग कशाला उतरू?"

त्याचं शेवटचं वाक्य टाकी बराच वेळ विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी सूचना काढली. छापील अर्जात दोन रकाने असतात: पाहणीचं ठिकाण आणि सभेचं ठिकाण. तिसऱ्या दिवशी मुख्य लिपिकबाईंनी मला फलकापाशी नेऊन उभं केलं. सभेच्या ठिकाणापुढे, माझ्याच अक्षरात, लिहिलं होतं: जुनी टाकी.

"चौदा महिन्यांत पहिली चूक," बाई म्हणाल्या. "डोकं कुठे होतं तुझं?"

"टाकीत," मी म्हणाले. खोटं बोलण्याची मला सवय नाही.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सूचना एकदा लागली की सात दिवसांत ठिकाण बदलता येत नाही. आता नऊच्या नऊ तिथे उतरणार. अध्यक्षांना तूच सांग बाई. आणि टाकी आवडली की टाकीवाले, ते आधी ठरव."

नऊच्या नऊ उतरले. शिवाय एकवीस नागरिक, कारण टाकीत सभा म्हटल्यावर लोकांना राहवलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "सभेला सुरुवात करू या," आणि ती सुरुवात संपेपर्यंत कोणाला काही करता येईना. बुजवण्याचा प्रस्ताव ज्यांचा, ते सदस्य उठले. दर वाक्याआधी 'माझा एक मुद्दा आहे' म्हणायची सवय म्हणून कचेरीत त्यांना मुद्देकाका म्हणतात.

"माझा एक मुद्दा—"

तेवढ्यात दोघं मधेच बोलले. तिघांचे आवाज एकमेकांत मिसळून छताला गेले आणि असे काही खाली आले की तिघंही दचकून बसले. त्यानंतर एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ते विरेपर्यंत थांबायचं, हे न ठरवताच ठरलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मला प्रत्येकाचं पूर्ण वाक्य लिहिता आलं.

मग त्याचं नाव पुकारलं. तीन मिनिटं. मी बटण दाबलं.

आज त्याच्याकडे कागद नव्हता. उन्हाच्या त्या खांबाशेजारी उभं राहून त्यानं मिटल्या ओठांनी एक खालचा सूर धरला आणि सोडला. तो सूर चालूच राहिला. त्यावर त्यानं दुसरा ठेवला, त्यावर तिसरा... माणूस एकटा होता आणि टाकी भरत होती. पाण्यानं भरावी तशी, तळापासून वर. मुद्देकाकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. माझा पेन कधी खाली पडला ते मला कळलं नाही.

दोन मिनिटं सदतीस सेकंदांना तो थांबला. दोन छप्पन्नला शेवटचा नाद विरला. उरलेले चार सेकंद कोणी श्वास घेतला असेल तर मला ऐकू आला नाही.

घंटा वाजवावी लागली नाही.

हात वर करून मत घेतलं. टाकी ठेवावी: सहा. बुजवावी: तीन. मुद्देकाका सहांत होते.

सगळे वर गेले. मी खाली आणलेल्या खुर्च्या मोजायला मागे राहिले. तोही राहिला.

"बेचाळीस वेळा सराव केला," तो म्हणाला. "सदतीसला थांबलो की बरोबर तीनला संपतं. तुमची घंटा वाजू नये म्हणून. तरी चार सेकंद कुठे गेले?"

"माणसं आवाज शोषतात. तीस-बत्तीस जण होते. कपड्यांसकट."

"आता दोघंच आहोत."

"हो... आता जास्त टिकेल."

"मग एक विचारतो. तीन मिनिटं लागणार नाहीत." त्याचा हात खांबावरून उगाच फिरत होता. "तुम्ही मला आवडता. त्या घंटेपासून. मी तुम्हाला आवडतो का?"

प्रश्न चोवीस खांबांना वळसा घालून आला. समोरून, डावीकडून, वरून. मी तो पूर्ण विरू दिला. सभेत आम्ही तेच शिकलो होतो. मग स्टॉपवॉचवर अंगठा ठेवला.

"हो," मी म्हणाले, आणि बटण दाबलं.

तो डोळे मिटून ऐकत राहिला. मी त्याच्याकडे पाहत राहिले, घड्याळाकडे नाही.

काहीच ऐकू येईनासं झालं तेव्हा मी पुन्हा बटण दाबलं आणि वहीत नोंद केली.

चोवीस पूर्णांक तीन सेकंद.