कापराचा हात

“कामगंध सापळे हायत का?” मी भर दुकानात विचारलं आणि काउंटरमागचा पोरगा कानापर्यंत लाल झाला. खरं तर तेलगावच्या त्या खत-बियाण्यांच्या दुकानात मी पावसाची सर ओसरेपर्यंतच थांबले होते.

“हायत की… पण कुणासाठी?”

“पतंगांसाठी. आमच्या कापसात.”

त्याचं नाव संगमेश. दुसऱ्या दिवशी सापळे घेऊन स्वारी थेट आमच्या रानात हजर. सापळ्यात ल्यूर लावतात, म्हणजे मादी पतंगाच्या वासाची रबरी गोळी. ती काही तो मला लावू देईना.

“तुमी काठ्या रोवा, चैतालीताई. हे नाजूक काम माज्याकडं.”

“ताई म्हणायचं न्हाई. अन् माजे हात काय दगडाचे हायत?”

“न्हाई… म्हणून तर जपायचेत.”

मी हसले नाही. म्हणजे, त्याच्याकडे तोंड असताना तरी नाही.

मला हे जमवायचंच होतं. गेल्या साली गुलाबी बोंडअळीवर फवारता फवारता बाबा बांधावरच कोसळले होते. औषध नाकातोंडात गेलेलं. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाच मी ठरवलं, आमच्या रानात पंप फिरणार नाही. नर सापळ्यात अडकले, की पुढची अळी कमी होते. बाबांनी नाखुशीनं मला मुदत दिली.

आणि सापळे रिकामे. इकडं कापसात डोमकळ्या दिसायला लागल्या, पाकळ्या मिटलेल्या अन् आत अळी.

“तुजे डबे राहू दे आता,” शनिवारी बाबा म्हणाले. “उद्या फवारतो.”

त्या दुपारी संगमेश बांधावर आला. थर्मासमधला चहा ओतून त्यानं ग्लास पुढं केला, आणि मला वास आला.

“हाताला कापूर कावून?”

“रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करतो. विभूती, कापूर… घरची रीतच हाय. मग दुकान.”

“अन् त्याच हातांनी गोळ्या लावल्या?”

त्याचा चेहरा पडला. मला कॉलेजात शिकलेलं आठवलं. मादीचा वास कापसाच्या पानांच्या वासासोबत आला, तर नर ओढीनं येतो. त्यात परका उग्र वास मिसळला, की तो फिरकत नाही. आमच्या पतंगांना सापळ्यातून देवळाचा वास येत होता.

“म्हणजे वाट मीच लावली,” तो म्हणाला. “पूजा सोडू का?”

“पूजा कशाला सोडतोस? हात धू.”

मी त्याला ‘तू’ म्हटलं होतं… दोघांच्याही ते लक्षात आलं.

त्यानं राखेनं हात घासले. तरी माझं समाधान होईना. मी कापसाची कोवळी पानं चुरडून त्याच्या तळव्यांवर चोळली — सावकाश, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. पाऊस भुरभुरत होता. मग नव्या गोळ्या आम्ही दोघांनी मिळून लावल्या.

रविवारी सकाळी बाबा पंप पाठीवर घेऊनच रानात आले. संगमेश आधीच उभा होता.

“जय भीम, काका.”

मी पहिला सापळा उघडला. आत पतंगच पतंग. दुसऱ्यातही तेच.

बाबांनी पंप खाली ठेवला. “अन् डोमकळ्या?”

“त्या मी हातानं वेचीन. बांधाला नेऊन जाळीन.”

ते मान हलवत होते, तेवढ्यात त्यांची नजर आमच्या हातांवर गेली. “दोघांच्याबी हाताला सारखाच हिरवा डाग कावून हाय?”

लाजून पळणाऱ्यातली मी नाही. “मला हा आवडतो, बाबा. लई आवडतो.”

संगमेशच्या हातातला सापळा पडता पडता राहिला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. आमच्या घरी बुद्धापुढं मेणबत्ती लागते, त्याच्या घरी महादेवापुढं कापूर. हे त्यांनी बोलून दाखवायची गरज नव्हती.

“अन् तुज्या वडलांना कोण सांगणार?”

“मी,” संगमेश म्हणाला. “आजच.”

“न्हाई म्हणले तर?”

“तर उद्या परत सांगीन. परवाबी.” मग माझ्याकडे बघत म्हणाला, “मलाबी ही लई आवडते, काका.”

बाबांनी पंप उचलला आणि घराकडे वळले. “चहा पिऊन जा मग,” ते न बघताच म्हणाले. “अन् हात धुवून या दोघं.”

चहा आम्ही प्यायलो. हात मात्र धुतले नाहीत.