गाळातला दंडवत

धरणाचं पाणी यंदा इतकं खाली गेलं, की अठ्ठावीस वर्षांपूर्वी बुडालेल्या आमच्या जुन्या गावाचं मंदिर चौथऱ्यासकट वर आलं! त्यातल्या दगडी पादुका नव्या गावात आणायच्या, म्हणून आम्ही तिघं सकाळीच निघालो. पुढे शालिग्रामकाका, पोरवयात याच पादुकांपुढे ते कीर्तनात टाळ वाजवायचे. मागे त्यांची मुलगी वैजयंती, मालेगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. शेवटी मी, काकांचा पुतण्या गोविंदा.

काठापासून मंदिरापर्यंत नुसता गाळ. वर भेगाळलेली साय, आत लोणी. वैजयंतीनं प्रत्येकाच्या पायांना रुंद फळ्या सुतळीनं बांधल्या.

"काहून वं? मी काय बदक हाय?" काका फुरंगटले.

"बाबा, ते पाहा."

लांब लांब बोटांचं एक पाखरू त्या राडीवरून तुरुतुरु पळालं. पाऊलसुद्धा रुतलं नाही!

"बोटं पसरली, वजन वाटल्या गेलं. तेच वजन एवढ्याशा टाचेवर आलं, की गाळ फाटते."

एवढ्याशा पाखराच्या पायातही केवढी योजना! माझे हात आपोआप जुळले.

फटक फटक करत आम्ही निघालो. पायांखाली अख्खी जमीन डुलत होती. आत कुठं आमच्या आज्याचं घर, कुठं विहीर, देवच जाणे! तासाभरानं मंदिर वीस पावलांवर आलं. उन्हात पादुका दिसल्या, आणि काकांच्या डोळ्यांना धार लागली. ते वाकले.

"काका, काय करून राह्यले?"

"देवापुढं पायातलं घालून जाऊ काय?"

मी ओरडेपर्यंत सुतळी सुटली होती! एक पाऊल. गुडघ्यापर्यंत. दुसरं. मांडीपर्यंत! काका पाय झाडू लागले, तसे कमरेपर्यंत गेले.

मी धावलो. "दादा, उभ्यानं नको!" म्हणत वैजयंती पोटावर आडवी झाली. मीही झालो. "बाबा, धडपडू नका! वजन तेच राह्यते, जागा वाढवा! अंग पसरा!"

काकांना काही कळेना. गाळ छातीला टेकला.

मी बोंबललो, "काका, दंडवत घाला! साष्टांग!"

ते मात्र कळलं. काकांनी हात पसरले आणि देवाकडे तोंड करून आडवे झाले. वैजयंतीनं त्यांच्या छातीखाली फळी सरकवली. बुडणं थांबलं! मग 'विठ्ठल' म्हणायचं आणि बोटभर ओढायचं. विठ्ठल! बोटभर. विठ्ठल! किती वेळ गेला, कोण जाणे. शेवटी पाय सुटले. सरपटतच आम्ही चौथऱ्याला लागलो.

एवढं मंदिर अठ्ठावीस वर्षं पाण्यात, पण तो ऐसपैस चौथरा तसूभर खचला नव्हता. काकांनी पादुकांना हात लावताच वैजयंती म्हणाली, "बाबा, ह्या उचलल्या तर फळ्या तेवढ्याच, अन् वजन दुप्पट."

काकांनी चौथऱ्यावरून हात फिरवला. मग त्यांनी पादुकांवर कपाळ टेकलं.

"राहू दे. त्यो नीट बसला हाय. आपुनच घरी जाऊ. माय, सुतळी घट्ट बांध."

काठावर गावकरी वाट पाहत होते. "पादुका कुठी हायेत?" सरपंच चंदाबाईंनी विचारलं.

काकांनी पायातल्या चिखलानं माखलेल्या फळ्या सोडल्या आणि डोक्यावर घेतल्या.

"ह्या काय! चला, देवळात ठेवू."