काचेपलीकडची माणसं

स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा लागलेला असताना ती घाईघाईने आत शिरली, ती थेट त्याच्या पायावर! तो कळवळला, पण तोंडातून आवाज म्हणून नाही.

"ओरडायचं तरी," ती कुजबुजली.

त्याने दिव्याकडे बोट दाखवलं. "रेकॉर्डिंग... चालू आहे."

ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. तो काचेपलीकडे बसून तिच्या वाक्यांमधली शांतता कापायचा. कामाची रीतच तशी. तिने त्याचं नाव ठेवलं मौनीबाबा.

"माझे श्वास कापून फेकता म्हणे?"

"फेकत नाही... जपून ठेवतो."

झालं! पोरगी गेली की कामातून.

मग एका ज्यू आजीबाईंच्या आठवणींचं पुस्तक आलं. त्यांच्या लहानपणी शिपायांनी घरच्या सगळ्यांना रस्त्यातून हाकत नेलं, तेव्हा शेजारी खिडक्यांच्या काचांमागून बघत राहिले. एकानेही हाक मारली नाही. छळछावणीतून त्या एकट्याच परतल्या, तेव्हाही कुणी काही विचारलं नाही.

त्या ओळीपाशी ती थांबली. खूप वेळ. त्याने ती शांतता कापली. सकाळी बघतो तर पुन्हा जागेवर... आणि आणखी लांब! गोष्टी सांगताना मी थापा मारतो हे जगजाहीर आहे, पण ही थाप नव्हे. हेडफोन लावला की आत पडदे सरकल्याचा आवाज... आणि कुणीतरी रोखून धरलेला श्वास.

"तो परिच्छेदच उडव," स्टुडिओचे मालक त्याच्यावर वैतागले. "ऐकणारे घाबरतील."

मौनीबाबाने मान खाली घातली.

आत बसलेल्या तिने वर पाहिलं. काचेपलीकडे त्याच्या आजूबाजूला माणसं उभी होती — दाटीवाटीने, तोंडं मिटून. त्यांच्यातच तो.

ती पर्स उचलून बाहेर आली. "मालकांना तू काय म्हणालास?"

"काही... नाही."

"आवडतोस रे तू मला. पण काचेमागच्या माणसाबरोबर जन्म नाही काढायचा मला."

तो तसाच मालकांच्या खोलीत घुसला. "परिच्छेद राहणार. शांततेसकट! नाहीतर मी चाललो, आणि तीही. आमचं लग्न ठरलंय."

"कधी?"

"आत्ताच. तिला सांगायचं राहिलंय."

"ऐकलं मी," दारातून ती म्हणाली.

मालकांनी हात जोडले.

यंत्र सुरू करून तो आत तिच्याशेजारी येऊन बसला. ती वाचत गेली... आणि त्या ओळीपाशी थांबली. तिचा हात घट्ट धरून त्याने काचेकडे पाहिलं.

ते सगळे अजून तिथेच उभे होते. मधली एक जागा तेवढी रिकामी होती.